भावाला मार्फान आहे, महाधमनी ४.७ सेंमी झाली आहे: ऑपरेशन आत्ता करावं की थांबावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलेलं आधी मांडतो, म्हणजे कुठे चुकत असेन तर तुम्हाला दिसेल. भाऊ २३ वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच, कराडजवळच्या गावात राहतो आणि तालुक्याच्या संघातून व्हॉलीबॉल खेळतो. लहानपणी डोळ्यातलं भिंग सरकलं म्हणून ऑपरेशन झालं होतं. गेल्या वर्षीच्या टूडी इकोत महाधमनीचं मूळ, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीचा सुरुवातीचा भाग, ४.४ सेंमी रुंद होतं, यंदा दुसऱ्या दवाखान्यात केलेल्या इकोत ते ४.७ आलं. वडील ४१ व्या वर्षी पाठीत कळ येऊन रात्रीत गेले, आणि तो हार्ट अटॅक समजला गेला. आता डॉक्टरांनी मार्फान सिंड्रोम, म्हणजे शरीराच्या ऊतींना धरून ठेवणारे धागे जन्मतःच कमकुवत असण्याचा आजार, आहे असं सांगून ऑपरेशन सुचवलंय. काका म्हणतात, धडधाकट पोराची छाती कशाला उघडायची. आई म्हणते, लग्न होऊ दे, मग बघू. आणि तुम्ही विचारताय की हे ऑपरेशन किती टक्के यशस्वी होतं आणि त्यानंतर तो किती वर्षं जगेल.

मी हृदयशल्यचिकित्सक आहे आणि अशी बरीच कुटुंबं वर्षानुवर्षं माझ्याकडे येत आली आहेत. 'किती टक्के' हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. त्याला एक आकडा देऊन चालत नाही, कारण एकाच नावाखाली दोन वेगवेगळी ऑपरेशनं असतात. एक ठरवून, तारीख घेऊन, माणूस चालत दवाखान्यात येतो तेव्हाचं. दुसरं महाधमनी चिरल्यावर, म्हणजे तिच्या भिंतीचा आतला थर फाटून रक्त भिंतीत शिरल्यावर, मध्यरात्री रुग्णवाहिकेतून आणल्यावरचं. १९९९ साली दहा मोठ्या केंद्रांनी मार्फानच्या ६७५ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला होता. त्यात महाधमनीचं मूळ बदललेल्या सगळ्यांची नोंद होती. ठरवून ऑपरेशन झालेले ४५५ जण होते, त्यांतले महिन्याभरात दगावले १.५ टक्के. सल्ला मिळाल्यापासून आठवड्याच्या आत घाईने करावं लागलं त्यांच्यात हे प्रमाण २.६ टक्के होतं. आणि २४ तासांच्या आत तातडीने करावं लागलेल्या १०३ जणांमध्ये ११.७ टक्के, म्हणजे बारा माणसं. आजार तोच, दवाखानेही तेच होते. वेळ बदलली आणि धोका जवळपास आठपट झाला.

शिवाय हे ११.७ टक्के फक्त टेबलापर्यंत पोचलेल्यांचे आहेत. चढती महाधमनी (हृदयातून वर जाणारा भाग) चिरली आणि उपचार झाला नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात असं पूर्वीपासूनचं निरीक्षण आहे. कराडहून ज्या ठिकाणी हे ऑपरेशन रात्री दोन वाजता होऊ शकतं तिथपर्यंतचं अंतर, वाटेत आधी अटॅक समजून झालेले उपचार, सीटी करेपर्यंत गेलेला वेळ, हे सगळं त्या आकड्याच्या बाहेरच राहतं. तुमच्या वडिलांना नेमकं काय झालं हे आता सिद्ध करता येणार नाही. पण मार्फान असलेल्या मुलाचा बाप चाळिशीत पाठीत कळ येऊन जातो, तेव्हा मी तो महाधमनी चिरल्याचाच मृत्यू धरून पुढचे निर्णय घेतो.

आता ४.७ या आकड्याकडे येऊ. मार्फानमध्ये मूळ ५ सेंमी झालं की ऑपरेशन करावं, हा सर्वसाधारण नियम. पण घरात कुणाची महाधमनी चिरलेली असेल किंवा वर्षाला ३ मिलिमीटर वा त्याहून जास्त वाढ होत असेल, तर ४.५ लाच विचार करावा, असं २०२२ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. उंच माणसांसाठी आणखी एक हिशेब आहे: मुळाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीने भागायचं. उत्तर दहा किंवा जास्त आलं तर ऑपरेशनचा विचार करायचा. तुमच्या भावाचं ते नऊच्या जरा वर येतं, म्हणजे उंचीच्या मापाने तो अजून रेषेच्या अलीकडे आहे. काकांच्या म्हणण्याला आधार द्यायचा तर एवढाच आहे. पण वडिलांचा मृत्यू एका बाजूला आणि एका वर्षात ३ मिलिमीटरची वाढ दुसऱ्या बाजूला, या दोन गोष्टींपुढे तो मला अपुरा वाटतो.

वाढीबद्दल मात्र मी एक शंका राखून ठेवतो. दोन यंत्रं, दोन डॉक्टर, दोन वेगळे काप. इकोत दोन-तीन मिलिमीटरचा फरक एवढ्यानेही पडू शकतो. म्हणून पहिलं काम: हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेला संपूर्ण महाधमनीचा सीटी अँजिओ, मानेपासून जांघेपर्यंत. त्यात मूळ, चढता भाग, कमान, छातीतला उतरता भाग आणि पोटातला भाग, सगळ्यांची मापं लिहून घ्या. गेल्या वर्षीच्या इकोची सीडी असेल तर ती यंदाचा इको केलेल्या डॉक्टरांकडूनच पुन्हा मोजून घ्या. सीटीत मूळ ४.५ च्या वर आलं, तर तुमच्या भावाच्या बाबतीत माझं मत ठरलेलं आहे: येत्या काही महिन्यांत, तारीख ठरवून ऑपरेशन. ४.३ आलं, तर औषधं चालू ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा मापं घ्यायला मी तयार होईन.

दुसरं काम जनुकीय चाचणी. भिंग सरकलेलं, उंची, लांब हातपाय, म्हणजे मार्फान असण्याची शक्यता फार मोठी. तरीही ऑपरेशनआधी रक्ताची ही चाचणी मी करून घेतोच, कारण दिसायला जवळचे वाटणारे पण वागायला वेगळे असे दोन आजार आहेत. मार्फानमध्ये फायब्रिलिन-१ या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं; ते १९९१ मध्ये सापडलं. लोयस-डिट्झ सिंड्रोम २००५ मध्ये वेगळा ओळखला गेला. त्यात धमन्या शरीरभर नागमोडी असतात, कधी पडजीभ दुभागलेली असते, आणि महाधमनी कमी मापालाच चिरते. त्यातल्या काही जनुकदोषांत आम्ही ४.५ ला, आणि जोखीम जास्त असेल तर ४ सेंमीलाही हात घालतो. तिसरा, रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅन्लॉस. यात तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन कमकुवत असतं, आणि हा आम्हा शल्यचिकित्सकांची सर्वांत कठीण परीक्षा घेतो. जुन्या विरलेल्या लुगड्याला टाका घातला की टाका धरून राहतो आणि कापडच फाटत जातं, तसं या रुग्णांमध्ये होतं. त्यामुळे इथे शक्य तितकं ऑपरेशन टाळायचं, सुई घालून करायच्या तपासण्याही टाळायच्या, असाच आमचा कल असतो. मार्फान आणि लोयस-डिट्झमध्ये मात्र ऊती टाका बऱ्यापैकी धरते. म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनचे त्यांतले निकाल चांगले येतात, आणि 'असल्या आजारात ऑपरेशन टिकत नाही' ही ऐकीव गोष्ट सरसकट सगळ्यांना लावू नका.

कोणतं ऑपरेशन, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. पण पुढची चाळीस वर्षं भाऊ कसा जगेल हे बरंचसं यावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबतो.

जुना आणि भक्कम मार्ग बेंटाल. १९६८ मध्ये लंडनमध्ये बेंटाल आणि डी बोनो यांनी तो मांडला. महाधमनीचं फुगलेलं मूळ आणि झडप दोन्ही काढायचं, त्या जागी कापडी नळीत बसवलेली कृत्रिम झडप शिवायची, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्यांची तोंडं बटणासारखी कापून नळीला जोडायची. धातूची झडप जन्मभर टिकू शकते, पण रक्त पातळ करणारी गोळी रोज, आयुष्यभर. दुसरा मार्ग टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाची स्वतःची झडप ठेवतात आणि ती नव्या नळीच्या आत पुन्हा बसवतात. झडपेचे पडदे निरोगी असतील आणि हात सरावलेला असेल, तर मार्फानच्या बहुतेक रुग्णांमध्ये ही झडप पंधरा वर्षांनंतरही नीट काम करते आणि रक्त पातळ करावं लागत नाही. काहींना पुढे झडप बदलण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागतं, हे आधीच मान्य करून ठेवायचं.

२३ वर्षांच्या मुलात पडदे चांगले असतील तर माझा पहिला कल डेव्हिडकडे असतो. पण एक अट घालतो: समोरचा शल्यचिकित्सक ते नियमित करणारा हवा. वर्षातून एखादंच डेव्हिड करणाऱ्या हातापेक्षा दर महिन्याला बेंटाल करणाऱ्या हाताचं बेंटाल बरं. 'तुम्ही वर्षाला महाधमनीच्या मुळाची किती ऑपरेशनं करता, त्यांत झडप वाचवलेली किती?' हे सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप या वयात मी सहसा सुचवत नाही. तरुण शरीरात ती लवकर झिजते. मुलीच्या बाबतीत माझं सगळं गणित बदललं असतं, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गर्भाला घातक ठरू शकतात, आणि मूळ ४.५ च्या वर असेल तर आधी ऑपरेशन, मग गरोदरपण, असंच आम्ही सांगतो.

तिसरा एक पर्याय तुमच्या वाचनात येईल. इंग्लंडमधले टॅल गोल्सवर्दी हे स्वतः मार्फान असलेले इंजिनिअर. त्यांनी आपल्या महाधमनीच्या स्कॅनवरून बेतलेली जाळीदार कापडी बाही बनवण्याची कल्पना काढली, आणि २००४ मध्ये ती बाही प्रथम त्यांच्याच महाधमनीभोवती बसवली गेली. एका रुग्णाने आपल्याच दुखण्यावर एवढा विचार केला याचं मला आजही कौतुक वाटतं. हे ऑपरेशन थोड्याच केंद्रांत होतं आणि मूळ फार फुगण्याआधी करायचं असतं. सीटीनंतर विचारून पाहायला हरकत नाही.

आता 'किती वर्षं'. १९७२ च्या एका अभ्यासात मार्फानच्या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ होतं. १९९५ च्या अभ्यासात निम्मे रुग्ण ७२ वर्षांपर्यंत जगतील असा अंदाज आला. याचं सगळं श्रेय ऑपरेशनला देणं बरोबर नाही: औषधं आली, आणि सौम्य आजार असलेली माणसंही मोजणीत यायला लागली. पण महाधमनीचं मूळ वेळेत बदलणं हे त्यातलं मोठं कारण नक्कीच आहे.

तरी ऑपरेशन झालं म्हणजे आजार गेला असं होत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त घरं चुकतात. आम्ही जेवढं बदलतो तेवढंच सुरक्षित होतं. कमानीपासून पोटापर्यंतची महाधमनी त्याच कमकुवत धाग्यांची असते. मूळ उत्तम बदललेल्या रुग्णाची उतरती महाधमनी दहा वर्षांनी चिरली, असं मी पाहिलंय. एक तरुण असाच आठवतो. एकोणिसाव्या वर्षी त्याची महाधमनी चिरली. ज्या दवाखान्यात तो पोचला तिथे त्या रात्री जीव वाचवणं एवढंच शक्य होतं, म्हणून त्यांनी फक्त मुळाच्या वरचा भाग बदलला आणि मूळ तसंच राहिलं. त्यांनी जे केलं त्यामुळे तो जगला. पण घरच्यांना वाटलं की विषय संपला. सात वर्षं इको नाही, गोळी नाही. माझ्याकडे आला तेव्हा मूळ ६ सेंमीच्या पुढे गेलं होतं आणि छातीतली उतरती महाधमनीही फुगत होती. आधी मूळ, मग छातीपासून पोटापर्यंतचा भाग, अशी दोन मोठी ऑपरेशनं झाली. दुसऱ्यात पाय लुळे पडण्याचा धोका असतो, कारण मणक्यातल्या मज्जारज्जूला जाणाऱ्या वाहिन्या तिथूनच निघतात. तो चालत घरी गेला; त्याची आई त्या वेळी जिन्यात उभी होती ते मी विसरलेलो नाही. पण तारीख ठरवून पहिलंच ऑपरेशन पूर्ण झालं असतं, तर बहुधा एवढं सोसावं लागलं नसतं. महाधमनी एकदा चिरली की पुढच्या ऑपरेशनांची शक्यता कितीतरी वाढते.

'पुढे काही झालं तर स्टेंट टाकता येईल ना' असं पुष्कळजण विचारतात. मार्फानमध्ये स्टेंट हा पहिला पर्याय नसतो. तो आतून सतत बाहेर ढकलत राहतो आणि कमकुवत भिंत ते सोसत नाही. जीव वाचवण्यासाठी, किंवा आधी शिवलेल्या कापडी नळीत त्याची टोकं टेकवता येत असतील तर वापरतो.

भावाने आजपासून काय करायचं ते सांगतो. बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टनच्या गटातली (दोन्ही रक्तदाबाचीच औषधं) गोळी त्याच्या डॉक्टरांनी सुरू केली असेल तर ती एकही दिवस चुकवायची नाही. दोन्ही प्रकारच्या गोळ्या महाधमनी फुगण्याचा वेग कमी करतात. ऑपरेशननंतरही त्या चालूच राहतात. व्हॉलीबॉल थांबवायचं. हे त्याला फार लागेल, जाणतो. त्याला अमेरिकेच्या फ्लो हायमनबद्दल सांगा: ऑलिंपिक रौप्यपदक विजेती व्हॉलीबॉलपटू, १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली आणि ३१ व्या वर्षी गेली. महाधमनी चिरली होती, आणि मार्फान असल्याचं मृत्यूनंतर कळलं. तालीम, वजनं उचलणं, उसाची मोळी, पोती, दम कोंडून जोर लावायची सगळी कामं बंद. चालणं आणि हलकी सायकल चालेल.

गावात जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी दुकानातून सहज घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या त्याने टाळायच्या. महाधमनी आधीच फुगलेल्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिला आहे. दुसरा पर्याय जवळजवळ नेहमी असतो, डॉक्टरांना फक्त आजाराचं नाव सांगावं लागतं.

धातूची झडप बसलीच, तर वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू होईल आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) साधारण २ ते ३ मध्ये ठेवावा लागेल. मेथी-पालक सोडायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नये. 'नव्या गोळ्यांना रक्ततपासणी लागत नाही' म्हणून कुणी बदलून दिल्या तर घेऊ नका. धातूच्या झडपेवर डाबिगाट्रान वापरून पाहण्याची चाचणी झाली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले म्हणून ती थांबवावी लागली. दात काढायच्या आधी अँटिबायोटिक, आणि ताप चार दिवस राहिला तर औषधाआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी.

एक चिठ्ठी आजच लिहून त्याच्या पाकिटात आणि मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवा: 'मला मार्फान सिंड्रोम आहे, महाधमनी फुगलेली आहे. छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक तीव्र कळ आल्यास आधी सीटी अँजिओ करावा.' छातीत दुखतंय म्हणून ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जातं. हार्ट अटॅकमध्ये ते जीव वाचवतं, चिरलेल्या महाधमनीत जीव घेऊ शकतं. रात्रपाळीच्या डॉक्टरला ही चिठ्ठी दिसणं फार मोलाचं आहे.

आईंना सांगा, लग्न जरूर करा, पण ऑपरेशननंतर. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, मग हळूहळू बहुतेक रोजची कामं पूर्ववत होतात. मुलीकडच्यांना आजार लपवू नका. प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी आहे आणि हे त्या मुलीला माहीत असायला हवं. खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला हेच ऑपरेशन बसतं का ते नाव सांगून विचारा, आणि नळी व झडप यांचा खर्च त्यात धरला आहे का तेही.

आणि आता तुमच्याविषयी, कारण प्रश्नात तुम्ही स्वतःचा उल्लेख कुठेच केला नाहीत. आजार वडिलांकडून आला असेल, तर तो तुमच्यात असण्याची शक्यताही निम्मी आहे, उंची बेताची असली तरी. फ्लो हायमनच्या मृत्यूनंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही मार्फान निघाला आणि वेळेत त्याचं ऑपरेशन झालं. भावाला सीटीसाठी न्याल त्याच दिवशी तुमचा टूडी इको करून घ्या. मुलं असतील तर त्यांचाही. आणि काकांना सोबत घेऊन जा. ते वडिलांचे सख्खे भाऊ आहेत, त्यांची महाधमनी आजवर कुणी मोजलेली नसणार.